दोन उतारांचा मतदारसंघ

माझ्या मतदार ओळखपत्राच्या पाठीवर बारीक अक्षरात ‘११७ - कळवण (अ.ज.)’ असं छापलंय. अ.ज. म्हणजे अनुसूचित जमातींसाठी राखीव. निवृत्तीनंतर मी निम्मं वर्ष नाशिकला मुलाकडे असतो. दर निवडणुकीच्या आधी तो एकदा तरी म्हणतो, ‘‘नाना, नाव इकडच्या यादीत घेऊन टाका. फॉर्म मी भरतो ऑनलाइन.’’ मी हो म्हणतो आणि विषय कांद्याच्या भावावर नेतो. गावाकडे घर आहे, कांद्याची चाळ आहे, धाकटा भाऊ आहे, ही झाली सांगायची कारणं. खरं कारण सांगायला बसलो तर त्याची अख्खी संध्याकाळ जाईल, म्हणून इथं लिहितो.

इथल्या जॉगिंग ट्रॅकवर आम्हा चार-पाच निवृत्तांचा कंपू जमतो. जॉगिंग कुणी करत नाही. जिल्ह्याच्या निवडणुकांचा विषय निघाला की गाडी ठरलेल्या स्टेशनांवर थांबते. १९५७ ला दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले ते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकनं त्यांना बिनविरोध दिल्लीला पाठवलं ते. मग गाडी मधली सगळी स्टेशनं सोडून थेट २००४ ला येवल्यात, भुजबळांपाशी. कळवण-सुरगाण्याला, म्हणजे माझ्या मतदारसंघात, कुणी उतरत नाही. उतरलंच तर एका वाक्यापुरतं: ‘‘तुमच्याकडं काय, पवार नाहीतर गावित.’’

वाक्य खोटं नाही. २००९ पासूनच्या चारही विधानसभा निवडणुका काढून बघा, लढत या दोन आडनावांतच झालेली आहे. पण त्या वाक्यानं कळवण कळत नाही आणि सुरगाणा तर अजिबात कळत नाही. त्यासाठी आधी केमचा डोंगर बघावा लागतो.

केम आमच्या भागातला उंच डोंगर. सह्याद्रीची धार तिथून जाते. एका अंगाला पडलेला पाऊस गिरणा होऊन पूर्वेला निघतो, इंग्रजांच्या काळातल्या चणकापूरच्या धरणात विसावतो, कळवण, देवळा, मालेगाव करत तापीला जाऊन मिळतो. दुसऱ्या अंगाचा पाऊस नार आणि पार या नद्यांतून पश्चिमेला उतरतो आणि दऱ्याखोऱ्यांतून गुजरातेत जाऊन समुद्राला मिळतो. पूर्वेच्या अंगाला कळवण तालुका: कांदा, मका, डाळिंब, बाजार समिती, सप्तशृंगीचा गड, चैत्राची यात्रा. पश्चिमेच्या अंगाला सुरगाणा: भात, नागली, वरई, खुरासणी, आणि अलीकडे बोरगाव-हातगडच्या बाजूला स्ट्रॉबेरी. पाऊस सुरगाण्यात जास्त. उन्हाळ्यात हंड्यांची रांगही सुरगाण्यातच लांब. पडलेलं पाणी थांबायला जागाच नाही, ते निघून जातं.

दोन्हीकडे आदिवासी वस्ती मोठी, पूर्वी दोन वेगळे मतदारसंघ होते तेव्हा दोन्ही जागा राखीव. पण माणसांचा येण्याजाण्याचा रस्ताच वेगळा. आमच्या आभोण्याकडचा माणूस काम निघालं की कळवणला, फार तर मालेगावला जाणार. सुरगाण्याचा माणूस वणी-दिंडोरीला नाहीतर थेट गुजरातेतल्या वांसदा-धरमपूरकडे. १९६० ला महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले तेव्हा शेजारचा डांग तिकडे गेला आणि सुरगाणा इकडे राहिला. बोली दोन्हीकडची जवळपास एक, सोयरिकी आजही होतात, मध्ये फक्त राज्याची हद्द. २०२२ च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी ‘आम्हाला गुजरातमध्ये घाला’ म्हणून मागणी केली, तेव्हा टीव्हीवाल्यांना धक्का बसला. मला बसला नाही. ज्यांना रस्ता आणि दवाखाना पलीकडे दिसतो ती माणसं काय बोलणार?

वडील १९५२ च्या पहिल्या मतदानाचं सांगायचे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. कागदावर शिक्काबिक्का काही मारायचा नाही, पडद्याआड जाऊन हव्या त्या पेटीत नुसता टाकायचा. ‘‘बैलजोडीच्या पेटीत टाकलं,’’ म्हणायचे, ‘‘नांगराला मात्र आपलेच बैल जुंपावे लागले.’’ सुरगाण्यात तर तोवर संस्थान जाऊन चारच वर्षं झाली होती. १९४८ ला विलीन झालं. देशमुखांच्या वाड्यापुढे वाकणारी पिढीच रांगेत उभी राहून मत द्यायला लागली, आणि तिला कुणी ते शिकवलं नव्हतं.

माझं पहिलं मत १९८५ चं. तेव्हा वयाची अट एकवीस. मी जेमतेम बसलो. पुढे ती अठरावर आली आणि १९८९ ला धाकट्या भावानं अठराव्या वर्षीच बोटाला शाई लावून घेतली, त्याचा मला बरेच दिवस राग होता. आमच्या कळवणला ए.टी. पवार हे नाव तेव्हा घरातलंच. अर्जुन तुळशीराम पवार असं पूर्ण नाव फक्त मतपत्रिकेवर. पुनदच्या धरणाला आज ‘अर्जुनसागर’ म्हणतात, ते त्यांच्यावरूनच. लग्नाला येणारा, मयतीला येणारा, गावातल्या पोराला नावानं हाक मारणारा पुढारी. पक्षाचं चिन्ह कुठलं हे माणसं मतदानाच्या दिवशी विचारून घ्यायची.

डोंगरापलीकडे नेमकं उलटं. तिथं माणसाच्या आधी झेंडा यायचा. लालबावटा. अलंगुणचे जिवा पांडू, म्हणजे जे.पी. गावित मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या, माकपच्या तिकिटावर १९७८ ला पहिल्यांदा सुरगाण्यातून निवडून आले, मग १९८०, १९८५, १९९०. या बारा वर्षांत राज्यात केवढ्या लाटा आल्या आणि ओसरल्या. जनता पक्ष आला, इंदिराबाई परतल्या, शरद पवारांचं पुलोद सरकार झालं, गेलं. सुरगाण्यात दर वेळी विळा-हातोडाच. आम्ही कळवणचे लोक याला हसायचो. ‘‘यांना रशिया कुठंय ते तरी माहितीये का?’’ असं आमच्या पारावर एक जण म्हणायचा. मीही हसलेलो आहे.

१९९५ च्या निवडणुकीत ते हसणं बंद झालं.

मी तेव्हा दिंडोरी तालुक्यातल्या शाळेवर होतो. ऑर्डर आली: मतदान केंद्राध्यक्ष, सुरगाणा मतदारसंघ. वय बत्तीस. तहसीलच्या आवारात साहित्य घेतलं. मतपत्रिकांचे गठ्ठे, त्यांचे नंबर पडताळून. लोखंडी पेटी, शाईची बाटली, लाख, मेणबत्त्या, पितळी सील, सुई-दोरा, जांभळ्या शाईचं पॅड, आणि लिफाफे इतके की पोस्ट ऑफिस उघडावं. बस जिथं थांबली तिथून पुढं बैलगाडी आणि शेवटचा कोसभर पायी. पेटी कोतवालाच्या डोक्यावर. पळस फुलला होता. शाळा एका खोलीची, कुडाची, बाहेरून शेणानं सारवलेली. आतल्या एका भिंतीवर मात्र चुना दिलेला, कारण तीवर बाराखडी लिहायची होती.

मतपत्रिकेच्या पाठीवर केंद्राध्यक्षाची सही लागायची. कंदिलाच्या उजेडात सह्या करत बसलो. शंभरानंतर स्वतःचं नाव परक्याचं वाटायला लागतं. शेजारच्या घरातून जेवण आलं: नागलीची भाकर, उडदाचं वरण, मिरचीचा ठेचा. निवडणूक कर्मचाऱ्यानं कुणाचा पाहुणचार घेऊ नये असा नियम आहे. त्या पाड्यावर हॉटेल असतं तर तो मी पाळला असता.

जेवण आणणारा साठीच्या पुढचा होता. मी सह्या करतोय म्हटल्यावर तो बराच वेळ उंबऱ्यात बसून बघत राहिला. मग घरी गेला आणि एक डालड्याचा डबा घेऊन आला. आत रेशन कार्ड होतं, आणि रबरात गुंडाळलेल्या पावत्या. पिवळ्या पडलेल्या, घडीवर फाटलेल्या. म्हणाला, ‘‘गुरुजी, ह्या वाचा बरं, कोणत्या सालच्या हायेत.’’ वाचल्या. वनखात्याच्या दंडाच्या पावत्या. फॉरेस्टमध्ये नांगरट केली म्हणून दंड, अमुक रुपये, पोच. साल वेगवेगळं, जमीन तीच. बाप ती कसायचा, हा कसत होता आणि दर दोन-तीन वर्षांनी दंड भरत होता. मी विचारलं, ‘‘भरून टाकलेल्या दंडाच्या पावत्या कशाला जपताय?’’ त्यानं माझ्याकडे, शाळेतलं पोर चुकीचं उत्तर देतं तेव्हा मी बघतो तसं पाहिलं. ‘‘मग मी इथंच होतो, हे कोण सांगल?’’

पुढे २००६ ला वनहक्क कायदा झाला आणि दावे दाखल करायची वेळ आली, तेव्हा पुरावा म्हणून लोकांनी पुढं केलेल्या कागदांत याच दंडाच्या पावत्या होत्या. जमीन सरकारची म्हणून फाडलेला कागद, आणि त्यावरच जमीन आमची असं सांगायचं. तो डबा त्या रात्री मी हातात धरला होता आणि मला त्यातलं काही कळलं नव्हतं. पण एक कळलं. ही माणसं रशियासाठी मत देत नव्हती. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाला कळवणच्या पुढाऱ्यासारखा लग्नाला येणारा आमदार पुरत नाही, त्याला मोर्चा नेणारा लागतो.

सकाळी मतदान सुरू झालं. बायका लांबून, कडेवर पोरं घेऊन आलेल्या. सही येणारे थोडे, बाकी अंगठे. आता अंगठ्याची शाई बोटाला राहिली आणि मतपत्रिकेवर तिचा ठसा उठला, तर ओळख पटते म्हणून मत बाद व्हायची भीती. पुसायला ओली चिंधी ठेवली होती, ती तासाभरात जांभळी झाली. मग ज्याला जे सुचेल ते. पुरुष केसांना पुसायचे. बायकांनी भिंत धरली. दुपारपर्यंत बाराखडीची ती पांढरी भिंत कमरेच्या उंचीवर जांभळ्या अंगठ्यांनी भरून गेली होती, ‘अ’पासून ‘ओ’पर्यंत.

एक म्हातारी आली. शाई लावली, अंगठा घेतला, मतपत्रिका उभी-आडवी घडी घालून दाखवली, शिक्का हातात दिला. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली आणि तिथूनच ओरडली, ‘‘गुरुजी, इळा कुठं छापलाय?’’ दोन्ही पोलिंग एजंट एकदम ताठ बसले. एकाच्या चेहऱ्यावर हसू, दुसऱ्याच्या कपाळाला आठ्या. मी पुस्तकातलं वाक्य म्हणालो, ‘‘आजी, तुम्हाला हव्या त्या चित्रासमोर शिक्का मारा.’’ आतून आवाज: ‘‘त्येच तर इचारते.’’ गुप्त मतदानाचा एवढा जाहीर प्रकार मी पुन्हा पाहिला नाही.

पेटी लाखेनं बंद केली, परत पायी, बैलगाडी, जीप, तहसील. हिशेबात दोन मतपत्रिकांचा फरक पडला म्हणून रात्री दोनपर्यंत बसलो. शेवटी त्या दोन्ही माझ्याच सतरंजीखाली सापडल्या.

आणि त्या निवडणुकीत गावित पडले. सलग चार वेळा निवडून आल्यावर पहिल्यांदा. अपक्ष हरिश्चंद्र चव्हाण आले. १९९५ हे अपक्षांचंच साल. राज्यात ४५ अपक्ष निवडून आले आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या टेकूवर युतीचं सरकार उभं राहिलं. राज्याच्या लाटेला सुरगाण्याचा घाट पहिल्यांदा उतरता आला तो असा, अपक्षाच्या पायांनी. चव्हाण पुढे भाजपचे खासदार झाले, २००४ ला मालेगावमधून आणि नंतर दोनदा दिंडोरीतून. गावित १९९९ ला परत आले, २००४ लाही आले.

आमच्या त्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली, ते मला कधीच कळलं नाही. तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका ड्रममध्ये एकत्र करून मग मोजायची पद्धत होती, म्हणजे कुठल्या पाड्यानं काय केलं याचा माग लागू नये. मशीन आल्यावर मोजणी केंद्राकेंद्राची होते. निकालानंतर फॉर्म २०, म्हणजे केंद्रवार मतांचा तक्ता, उघडला की शाळेच्या नावापुढे आकडे तयार. मशीनवर एवढ्या शंका घेतात लोक, पण या गोष्टीबद्दल कुणी फारसं बोलत नाही. तीन-चारशे मतांच्या पाड्याचं मत आता गुप्त राहिलेलं नाही. पुढचा रस्ता, पुढचा हातपंप देताना कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये तो कागद असतो. म्हातारीला आता ओरडायचीही गरज नाही.

मग २००८ ची पुनर्रचना. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगानं २००१ ची जनगणना समोर ठेवून नकाशे नव्यानं आखले. जुना सुरगाणा मतदारसंघ गेला. त्यातला पेठ तालुका दिंडोरीला जोडला आणि सुरगाणा आमच्या कळवणला. आमच्याकडून देवळा काढून चांदवडला दिला. मालेगाव लोकसभाही संपली, दिंडोरी नावाची नवी झाली. लोकसंख्येच्या हिशेबानं चोख काम असेल. मला मात्र पेपरातला नकाशा बघून पहिला आठवला तो केम. पिढ्यान्‌पिढ्या आमच्याबरोबर गिरणेचं पाणी प्यायलेला देवळा आमच्यातून गेला आणि पलीकडच्या उताराला गाठ मारली.

नोकरीत असताना स्वतःच्या मतदारसंघात इलेक्शन ड्युटी लागत नाही. म्हणजे ज्या पाड्यावर मी केंद्राध्यक्ष म्हणून गेलो, तिथं मला आता कुणी पाठवणार नव्हतं, कारण तो पाडा आणि मी एकाच यादीतले झालो होतो. मला हे फार आवडलं. नाव नाशिकला न हलवण्याचं खरं कारण हे. डालड्याचा डबा आणि माझी कांद्याची चाळ एकाच उमेदवाराला निवडणार किंवा पाडणार होती.

प्रत्यक्षात काय झालं? दोन्ही उतार आपापल्या बाजूलाच वाहत राहिले. २००९ ला ए.टी. आणि जे.पी. पहिल्यांदा समोरासमोर आले, ए.टी. जिंकले. २०१४ ला चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले, तेव्हा गावितांनी ए.टीं.ना पाच हजारांच्या आतल्या फरकानं पाडलं. २८८ च्या सभागृहात माकपचा तो एकमेव आमदार. आणि सातव्यांदा निवडून आलेला हा एकटा माणूस हंगामी अध्यक्ष झाला, सगळ्या सभागृहाला त्यानं शपथ दिली. पारावरचा तो रशियावाला तेव्हा हयात नव्हता, नाहीतर मी मुद्दाम गेलो असतो.

२०१७ ला ए.टी. गेले. २०१९ ला त्यांचे चिरंजीव नितीन पवार राष्ट्रवादीकडून उभे राहिले आणि साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी गावित पडले. २०२४ ला पुन्हा तेच दोघं. नितीन पवार अजितदादांच्या राष्ट्रवादीत, गावितांना महाविकास आघाडीचा पाठिंबा. दोघांनी लाखाचा आकडा ओलांडला, आणि आठ-साडेआठ हजारांनी पुन्हा पवार. दर वेळी तेच गणित. सुरगाण्यात गावितांची आघाडी, कळवणमध्ये पवारांची, आणि कुणाची आघाडी कुणाची आघाडी खाते एवढाच प्रश्न. आमच्याकडं निकालाच्या दिवशी ‘कोण पुढे’ असं विचारत नाहीत. ‘‘पेटी कुठली चाललीये?’’ असं विचारतात. मशीन येऊन वीस वर्षं झाली, तरी पेटीच.

२०१९ च्या निकालाचं बाहेरच्यांना नवल वाटलं, कारण आदल्याच वर्षी वनजमिनीसाठी नाशिक ते मुंबई असा शेतकऱ्यांचा लाँग मार्च झाला होता. ६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून तो निघाला तेव्हा मी कामासाठी जिल्हा परिषदेत आलो होतो, तिथून चालत बघायला गेलो. लाल टोप्या, लाल झेंडे, डोक्यावर बोचकी, बोचक्यात तांदूळ आणि भांडी. बायका जास्त. मी चेहरे बघत होतो, उगाच, तेवीस वर्षांपूर्वीचं कुणी ओळखू येईल म्हणून. कुणी आलं नाही. पुढारी मंडळींत गावित होते. पुढचं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, ते सोलवटलेले पाय. ११ तारखेच्या रात्री दहावीच्या पोरांना पेपरला जाताना त्रास नको म्हणून ती माणसं न झोपता मुंबईतून चालली आणि पहाटे आझाद मैदानावर पोचली. शाळामास्तर असल्यामुळं ते मला जास्त लागलं. आपली पोरं दहावीला पोचतील की नाही याची शाश्वती नसलेले लोक दुसऱ्यांच्या पोरांसाठी रात्र जागले होते.

मग दीड वर्षात त्यांचाच पुढारी कसा पडला? अग्रलेखांत ‘विसंगती’ वगैरे लिहून आलं. त्यात विसंगती कसली? मार्च एका उताराचा होता, मत दोन्ही उतारांचं. माझ्या भावानं लाँग मार्च टीव्हीवर बघितला, त्याचे डोळे भरले, आणि दीड वर्षानं त्यानं पवारांना मत दिलं. त्याचा प्रश्न वनपट्ट्याचा नाही, कालव्याच्या आवर्तनाचा आहे. ए.टीं.ना जाऊन दोनच वर्षं झाली होती, तेही होतंच. मी कुणाला दिलं ते भावालासुद्धा सांगितलेलं नाही, इथंही सांगणार नाही.

पवारांच्या घरातलं राजकारण हा आणखी एक अध्याय. ए.टीं.च्या सूनबाई डॉ. भारती पवार २०१९ ला भाजपकडून दिंडोरीच्या खासदार झाल्या, पुढे केंद्रात राज्यमंत्री. त्याच वर्षी विधानसभेला दीर राष्ट्रवादीत. एकाच अंगणात दोन झेंडे. २०२४ च्या लोकसभेला त्या भास्कर भगरेंकडून पडल्या. भगरे शिक्षक, सगळे ‘भगरे सर’च म्हणतात. त्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच मशीनवर दुसरे एक भगरे, अपक्ष, त्यांचंही चिन्ह यादीत ‘तुतारी’, म्हणजे आमच्या भाषेत पिपाणी. त्यांनी प्रचार काय केला असेल तो असो, मतं पडली लाखाच्या वर. भगरे सर लाखापेक्षा जास्त फरकानं आले म्हणून ते खपून गेलं. ट्रॅकवर सगळे हसले, ‘अडाणी लोक’ म्हणाले. मला ‘इळा कुठं छापलाय’ आठवलं. म्हातारीनं निदान विचारलं तरी होतं. मशीनपुढे विचारायची सोय नाही. आणि दोन तुताऱ्या मतदारानं छापल्या नव्हत्या.

आता या दोन उतारांना जोडायला पाणीच निघालंय. नार-पार-गिरणा जोड प्रकल्प. पश्चिमेला वाहून जाणारं नार-पारचं पाणी बंधाऱ्यांत अडवायचं, उपसायचं, बोगद्यातून डोंगराच्या पोटातून काढून चणकापूरच्या बाजूला गिरणेत सोडायचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं सात हजार कोटींच्या योजनेला मान्यता दिली. आमच्याकडे पेढे वाटले. मालेगावापासून जळगावपर्यंत वाटले. सुरगाण्यात माणसं विचारतात, धरणाच्या पाण्याखाली कोण जाणार, आणि अडवलेलं पाणी आधी आमच्या हंड्यात का नाही. दोन्ही बरोबर आहे. एका आमदारानं यात काय बोलायचं? पवार असो की गावित, निम्म्या मतदारसंघाला दुखावल्याशिवाय त्याला यावर एक पूर्ण वाक्य बोलता येणार नाही. निवडणुकीच्या सभांमध्ये मी हे नीट ऐकलंय. घाटाच्या वरच्या सभेत पाण्यावर दहा मिनिटं, घाटाखालच्या सभेत पाण्यावर एक मिनिट.

२० नोव्हेंबर २०२४ ला मी पहाटेच्या गाडीनं मताला निघालो. वणीला चहाला उतरलो तर शेजारी एक पिकअप उभी. मागं पंचवीस-तीस माणसं दाटीवाटीनं उभी, कानाला मफलर, दोन-तीन बायकांच्या पदराखाली पोरं. दिंडोरीच्या द्राक्षबागांवर छाटणीपासून आलेली, सुरगाण्याकडं मताला निघालेली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात निवडणूक लागली की निम्मा सुरगाणा बागांमध्ये असतो. २००९ पासून दर वेळी असंच आहे. म्हणून आमच्याकडं प्रचारात भाषणापेक्षा गाड्या महत्त्वाच्या. कायद्यानं मतदानाची भरपगारी सुट्टी असते. ती बागेत पोचत नाही, तिथं रोज बुडतो.

एका पोरानं चहाचे कप वर पोचवायला मदत केली. मी विचारलं, ‘‘कुठलं गाव?’’ त्यानं सांगितलं. माझ्या त्या पाड्याच्या वाटेवरचंच. पाड्याचं नाव घेऊन म्हटलं, ‘‘तिथं शाळा होती एका खोलीची.’’

‘‘आता स्लॅबची हाये. तुम्ही होते का तिथं मास्तर?’’

‘‘एक दिवस होतो.’’

त्याला ते नीट कळलं नाही. ‘‘आन्‌ आता कुठं चालले?’’

‘‘आभोण्याकडं. मताला.’’

‘‘मग आपलं मशीन एकच,’’ तो म्हणाला.

जमिनीचं काय झालं, पट्टा मिळाला का, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न दिला. केबिनमधून कुणीतरी ओरडलं, की पाचला सगळे परत गाडीपाशी पाहिजेत, उद्या सकाळी डिपिंग, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायचं काम आहे, मालक थांबणार नाही. पोरगं कप टाकून फळीवर चढलं. पिकअप डावीकडे सापुताऱ्याच्या रस्त्याला लागली. माझी गाडी नांदुरीकडून येणाऱ्या यात्रेकरूंच्या जीपमागं अडकली होती, ती पाच मिनिटांनी उजवीकडे वळली.